एचओ मॉडेल रेल्वे लेआउट, २२ बाय ११ ची खोली: वळणावरचे जॉइंट आणि घाटाचा चढ, मदत हवीय

गाडीवेडा_धायरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज धागा काढतोय कारण आता खरंच काम सुरू करायचंय. धायरीला आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, आतून २२ फूट बाय ११ फूट, वर पक्का स्लॅब, लांब भिंतीत दोन खिडक्या आणि आखूड भिंतीत कोपऱ्याला दार. घरच्यांनी ती खोली रेल्वेसाठी मोकळी करून दिलीय, कायमची. कोथरूडला संगम प्रेसजवळचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम शाळेत असताना बघितलं तेव्हापासून हे डोक्यात आहे, त्यामुळे टेबलावरचा गोल नकोय, मोठंच करायचंय.

प्लॅन असा आहे की एचओ स्केल (खऱ्याच्या १:८७), खाली कर्जत, वर लोणावळा, मधे घाट, बोगदे, डबल लाइन (तिथे खऱ्या तीन आहेत पण तेवढी जागा नाही) आणि मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावून ८-९ एलएचबी (नव्या पद्धतीच्या लांब) डब्यांची गाडी वर चढली पाहिजे. पेको कंपनीचा कोड १०० फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा) थोडा आणलाय, सांधे (लाइन बदलायचे पॉइंट) अजून घेतले नाहीत.

आता अडचणी. प्लायच्या एका तुकड्यावर ट्रायल म्हणून वळण टाकून बघितलं तर जिथे दोन ट्रॅक जोडले जातात तिथे कोन पडतो, गोलाई येतच नाही, इंजिन जातं पण लांब डबा बरोब्बर त्याच जागी उतरतो. एका दुकानात सांगितलं की रेडियस १८ इंच घ्या, सगळे तोच घेतात, तर ते बरोबर आहे का? खऱ्या घाटात १:३७ चा चढ आहे म्हणजे साधारण २.७ टक्के, तोच धरला तर चालेल का, की हेलिक्स (गोल गोल फिरत वर चढणारा ट्रॅक) करावा लागेल? आणि गच्चीवरची खोली एप्रिल-मे मधे चांगलीच तापते तर रूळ फुगून वाकतील का? सगळं एकदमच विचारतोय, जाणकारांनी प्लीज सांगा.

घाटमार्ग

अरे वा, भोर घाट! मनापासून आनंद झाला वाचून. आधी रेडियसचं बोलतो कारण बाकीचं सगळं त्याच्यावर बसतं.

१८ इंच अजिबात घेऊ नकोस. १८ इंच हे छोटी इंजिनं आणि आखूड वाघिणींसाठी ठीक आहे. तुझा एलएचबी डबा खरा साधारण साडेतेवीस मीटर, म्हणजे १:८७ ला २७ सेंटीमीटर. रेडियस डब्याच्या लांबीच्या निदान अडीचपट आणि जमल्यास तिप्पट असावा असा आमचा ठोकताळा आहे, म्हणजे ६८ ते ८१ सेंटीमीटर. ३० इंच म्हणजे ७६, मधेच बसतं. तेव्हा आतली लाइन ३० ला टाक आणि बाहेरची सव्वाबत्तीसला. सरळ भागात दोन लाइनींमधे २ इंच पुरतात पण वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात, दोन गाड्या समोरासमोर आल्या की घासतात, म्हणून तिथे पाव इंच जास्त. कागदावर विश्वास ठेवू नकोस, दोन डबे हातात घेऊन वळणावर शेजारी शेजारी सरकवून बघ.

आता ३० इंच रेडियस म्हणजे पूर्ण वळसा घ्यायला कडा धरून साडेपाच फूट रुंदी लागते. तुझी खोली ११ फूट, त्यामुळे मधोमध पेनिन्सुला (खोलीत पुढे आलेला फाटा) काढायचा विचार सोडून दे, दोन्हीकडे माणूस उभा राहणार नाही. भिंतीभिंतीने फिरव, शेल्फ दीड ते दोन फूट रुंद, हात पोचतो अडीच फुटापर्यंतच. दाराशी उघडता येणारा पूल किंवा फाटक कर.

आणि हेलिक्स तुला लागणारच नाही, हे बघ. भिंतीभिंतीने एक फेरी कोपरे गोल धरून साधारण ५४ फूट होते. कर्जत एका लांब भिंतीला १२ फूट सपाट ठेवलंस तर उरले ४२ फूट, म्हणजे जवळपास पावणेतेरा मीटर. २ टक्क्यांनी चढवलंस तर फेरी संपेपर्यंत तू २५ सेंटीमीटर वर आलेला असतोस, बरोब्बर कर्जतच्या डोक्यावर. तिथे अरुंद फळी काढून लोणावळा बसव. चढ हाच घाट, गाडी पूर्ण वेळ डोळ्यासमोर राहते. हेलिक्समधे काय होतं की गाडी आत गेली की दोन मिनिटं दिसतच नाही, घाट दाखवायच्या लेआउटमधे तर ते फारच वाईट.

खरं कर्जत-लोणावळा अंतर २८ किलोमीटर, एचओमधे त्याचे ३२० मीटर होतात, तेव्हा काटछाट होणारच. ठाकूरवाडी, मंकी हिल, एखादी कॅच सायडिंग (उतारावर सुटलेली गाडी अडवायचा फाटा) आणि तीन-चार बोगदे एवढं नीट केलंस तरी बघणारा ओळखेल.

शलाका_के

घाटमार्ग काकांच्या २ टक्क्यांना माझं अनुमोदन आणि त्याचं कारणही लिहिते, कारण "खऱ्यात २.७ आहे मग मॉडेलमधे का नको" हे खूप जण विचारतात. वळणावर चाकांचं घर्षण वाढतं. एचओसाठी जुना ठोकताळा आहे, ३२ भागिले रेडियस इंचात, जे उत्तर येईल तेवढे टक्के चढ जास्त आहे असं समजायचं. ३० इंचाला ते १ टक्क्याच्या थोडं वर येतं. म्हणजे तू वळणावर २.७ ठेवलास तर इंजिनाला तो पावणेचार वाटणार, नऊ डबे घेऊन एक इंजिन तिथे जागेवर चाकं फिरवत बसणार. खरी रेल्वेसुद्धा हेच करते, वळणावर चढ थोडा कमी करते, ब्रॉडगेजला वळणाच्या दर डिग्रीमागे ०.०४ टक्के. तर तू सरळ भागात सव्वादोन-अडीच आणि कोपऱ्यांवर पावणेदोन असं वाटून घे, सरासरी तीच राहील. बँकर तर लावच, तुझा लेआउटच त्याच्यासाठी आहे :)

सपाट भागातून चढाला लागतानाचा बदल एकदम नको. प्लायची लांब पट्टी स्टेशनपासून सलग पुढे ने आणि खाली ठोकळे देत उचल, प्लाय आपोआप हळूहळू वाकतो आणि हवी तशी गोलाई मिळते. तिथेच जर प्लायचा जोड आला तर टेकाड तयार होतं आणि लांब डब्यांचं कपलिंग सुटतं.

ट्रॅक_मास्तर

वळणावरच्या कोनाबद्दल मी लिहितो, माझा आवडता विषय आहे. पोस्ट मोठी होईल.

फ्लेक्स ट्रॅक वळवून मग जोडायला गेलं की टोक सरळ व्हायला बघतं, रुळाचा स्वभावच तो, आणि जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी पत्र्याची क्लिप) बिचारा ते धरून ठेवू शकत नाही. म्हणून उलटं करायचं. दोन ३६ इंची ट्रॅक टेबलावर एका सरळ पट्टीला टेकवून जोड, जॉइनर घाल, सोल्डर कर आणि मग तो सहा फुटी अख्खा तुकडा वळणावर बसव. आता जॉइंट बाकीच्या रुळासारखाच वाकतो. वळवताना आतला रूळ टोकाला बाहेर येईल, घाबरू नकोस, आतली कमान छोटी असते म्हणून, ३० इंच रेडियसला एका ३६ इंची ट्रॅकमागे साधारण २ सेंटीमीटर. तो तिथेच मापून काप. कापल्यावर टोकाला खालून आणि आतल्या कडेने बारीक कानस मार, नाहीतर जॉइनर चढताना वाकडा होतो आणि पुढे आयुष्यभर तो जॉइंट त्रास देतो. टोकाचे दोन-तीन स्लीपर काढावे लागतात जॉइनर बसवायला, ते फेकू नकोस, वरचे क्लिप तासून नंतर खाली सरकवून द्यायचे.

सोल्डरिंगला ४०-६० वॅटची इस्त्री चालेल पण टोक स्वच्छ आणि गरम पाहिजे. रोझिन फ्लक्स लाव, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे रुळावर ठेव म्हणजे स्लीपर वितळणार नाहीत, इस्त्री बाहेरच्या बाजूने टेकव आणि दोन-तीन सेकंदात उचल. हलक्या इस्त्रीने दहा सेकंद दाबून धरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मग रुळाच्या आतल्या कडेवरून नख फिरव. नख अडलं तर चाकाची फ्लँजही अडणार, कानस घेऊन तेवढं घास आणि परत नख फिरव. मला सगळ्या गेजपेक्षा हे नख जास्त भरवशाचं वाटतं.

वळण आखायला लाकडी पट्टी घे, एका टोकाला खिळा, ३० आणि सव्वाबत्तीस इंचावर पेन्सिलीची भोकं. पण सरळ रेषेतून थेट गोलात शिरू नकोस! खरी रेल्वे मधे ट्रान्झिशन (हळूहळू वाढत जाणारं वळण) देते, आपल्याकडे क्युबिक पॅराबोला वापरतात, तुला गणित करायची गरज नाही. गोल सरळ रेषेपासून अर्धा इंच आत सरकवून आख आणि मधला दीड-दोन फुटांचा भाग लवचिक लाकडी पट्टी वाकवून जुळव, पट्टी स्वतःच बरोबर आकार घेते. अर्ध्या इंचाचा खेळ आहे पण गाडी वळणात शिरताना झटका खात नाही आणि दिसायला जो फरक पडतो तो बघशील तेव्हा कळेल.

खाली ५ मिमी कॉर्क, कॉर्कवर अ‍ॅक्रिलिक सीलंटचा अगदी पातळ हात, जुन्या एटीएम कार्डाने पसरवायचा, वरून ट्रॅक दाबायचा, बोर्डपिना लावून रात्रभर ठेवायचं. जास्त लावलंस तर स्लीपरमधून वर येतं. खिळ्यांपेक्षा हे चांगलं कारण खिळा जरा जास्त ठोकला की स्लीपर मधे दबतो आणि गेज आवळतं. शिवाय पुढे कधी बदलायचं झालं तर पातळ पत्र्याने ट्रॅक अख्खा उचलता येतो. दोन फूट झाले की डोळा रुळाच्या पातळीला आणून टोकाकडून बघ, मोबाइलचा टॉर्च पलीकडून मार. वरून जे कधीच दिसत नाही ते तसं लगेच दिसतं.

आणि टेस्ट. इंजिन गेलं म्हणजे ट्रॅक झाला असं धरू नकोस. सगळे डबे लावून गाडी मागे ढकलत ने, दोन्ही दिशांनी. ओढताना जे खपतं ते ढकलताना खपत नाही आणि तुझ्याकडे तर मागे बँकर असणार, म्हणजे कायमच ढकलणं आहे. ही टेस्ट पास होईपर्यंत पुढचा ट्रॅक टाकायचा नाही.

गाडीवेडा_धायरी

मास्तर, काका, शलाकाताई, काय बोलू, हेलिक्स लागणार नाही हे वाचून तर मी खोलीत जाऊन भिंतीवर खडूने रेघ मारून आलो. २५ सेंटीमीटर खरंच छान दिसतंय. दोन उपप्रश्न. एक, सलग फिरवायचं असेल तर दोन्ही टोकांना लूप (गाडी वळून परत येईल असे गोल) लागतील ना, मग डीसीसीला (इंजिनं चालवायच्या डिजिटल सिस्टिमला) शॉर्ट होणार का? दोन, ते तापण्याचं राहिलं.

शलाका_के

लूप एकाच कोपऱ्यात एकावर एक बसतील, साडेपाच फूट रुंदी धरली तरी समोरच्या शेल्फपर्यंत चार फूट उरतात, ते ठीक आहे. फक्त तो कोपरा आतून मोकळा ठेव, खाली वाकून आत उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर मागचा ट्रॅक हाताबाहेर जातो.

शॉर्टचं नीट समजून घे. डबल लाइन टोकाला लूपने जोडली तर तो ताणलेला ओव्हलच असतो, एका लाइनने गेलेली गाडी दुसऱ्या लाइनने परत येते, त्यात पोलॅरिटीचा काही प्रश्न नाही. प्रश्न येतो तू कर्जतला दोन लाइनींच्या मधे क्रॉसओव्हर (एका लाइनवरून दुसरीवर जायची जोडणी) टाकशील तेव्हा. शेजारच्या लाइनवर उजवा-डावा उलटलेला असतो, क्रॉसओव्हर जोडला की थेट शॉर्ट. म्हणून दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर आणि त्या भागाला ऑटो-रिव्हर्सर (पोलॅरिटी आपोआप उलटवणारं सर्किट), आणि तो भाग तुझ्या सर्वात लांब गाडीपेक्षा लांब हवा. हे आत्ताच प्लॅनवर लाल पेनने मार्क कर, ट्रॅक चिकटवल्यावर नाही.

वायरिंगला हात आखडू नकोस. बसला (खालून जाणाऱ्या मुख्य लाइनीला) २.५ स्क्वेअर मिमीची घरगुती वायर, लेआउटखालून दोन रंगात, आणि वर प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःचा फीडर (बसपासून रुळाला जोडणारी बारीक वायर), अर्ध्या स्क्वेअरचा, वीतभर लांब, त्याहून जास्त नको. जॉइनर हा करंट न्यायला नसतोच, रूळ एका रेषेत धरायला असतो. आज चालतो, दोन पावसाळ्यांनी आत ऑक्साइड धरतो आणि घाटाच्या मधोमध गाडी मंद होते. टाका रुळाच्या बाहेरच्या बाजूला मार, खडी टाकल्यावर दिसत नाही. वायर वगैरे तापकीर गल्लीत सगळी मिळेल, रंग ठरवून एकदाच घे.

सगळं जोडलं की बूस्टरपासून (रुळांना वीज देणाऱ्या डीसीसीच्या डब्यापासून) सर्वात लांबच्या जागी दोन रुळांवर दहाचं नाणं आडवं ठेव, बूस्टर ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर तिथपर्यंत वायर कमी पडतेय. असं असताना एखादा डबा उतरून शॉर्ट झाला तर करंट तसाच वाहत राहतो आणि डब्याचं बोगी प्लास्टिक वितळतं, म्हणून दर चार-पाच फुटांवर नाणं ठेवून बघ.

घाटमार्ग

तापण्याबद्दल. रूळ निकेल सिल्व्हरचे, एका ३६ इंची तुकड्याला ३० डिग्रीच्या फरकाने साधारण अर्धा मिलिमीटर वाढ होते. जानेवारीच्या थंडीत टाकत असशील तर सरळ भागातल्या जॉइंटमधे अर्धा मिमी जागा सोड आणि ते जॉइंट सोल्डर करू नकोस. मे मधे भर दुपारी टाकत असशील तर जवळजवळ टेकवूनच टाक, कारण पुढे ते आकसणारच आहेत. वळणावरचे जॉइंट मास्तर म्हणतात तसे सोल्डर.

पण खरं सांगू का, पुण्यात उन्हापेक्षा पावसाळ्याची काळजी जास्त कर. मे मधे लाकूड कोरडं ठक्क, जुलैत तीच खोली दमट, आणि लाकूड आडवं फुगतं. रूळ वाकडे झाले की लोक उन्हाला दोष देतात, बहुतेक वेळा खालची चौकट हललेली असते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणलास की लगेच कापू नकोस, महिनाभर त्याच खोलीत उभा-आडवा हवा लागेल असा ठेव. १२ मिमी, बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) किंवा मरीन, वर-खाली आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर. कडेतूनच पाणी जातं. स्लॅबला बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि पांढरा रंग हा लेआउटचाच खर्च समज, तो आधी कर.

मंकीहिल_८७

उशिरा आलो पण खडीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे लोक क्रशरची बारीक कच चाळून वापरतात, रंग एकदम अस्सल येतो, सह्याद्रीचाच दगड. पण बेसाल्टमधे मॅग्नेटाइट असतं, आणि ते इंजिनाच्या मोटरच्या मॅग्नेटकडे ओढलं जातं, एखादा कण आत गेला तर मोटर आवाज करायला लागते आणि गियर खराब होतात. कच कागदावर पातळ पसर आणि स्पीकरमधला जुना मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरव. पहिल्यांदा करशील तेव्हा किती काळं चिकटतं बघ, चिकटायचं थांबेपर्यंत फिरवत राहा. तरी बरंच येत असेल तर ती कच डोंगरासाठी ठेव आणि रुळात विकतची खडी टाक.

टाकताना आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून फवारा मारायचा, मग फेविकॉल पातळ करून ड्रॉपरने. सांध्यांच्या हलत्या पात्याजवळ एक कणही नको.

एक सुचवू का? १८६३ ला घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी तिथे जाऊन दिशा बदलून पुढे चढायची, १९२९ पर्यंत ते चाललं. तुझी एलएचबी गाडी तिथे जाणार नाही पण त्या जुन्या लाइनचा उरलेला बांध आणि दगडी कमानीचा एखादा तुकडा मुख्य लाइनच्या बाजूला केलास तर घाट ओळखणाऱ्याला फार भारी वाटेल.

गाडीवेडा_धायरी

हे तर करणारच!! जुनी लाइन १००% घेतली. क्रम असा ठरवतोय, वॉटरप्रूफिंग, प्लाय आणून ठेवणे, तोपर्यंत प्लॅन लाल पेनसकट, मग कर्जतची भिंत फक्त, ती ढकलून पास झाली की पुढे. शेवटचं एक, ओव्हरहेड वायर आत्ता करणार नाही पण खांब तरी लावायचेत, ते कधी?

ट्रॅक_मास्तर

खांब शेवटी लाव पण त्यांची भोकं खडी टाकायच्या आधी पाडून ठेव. खडी घट्ट झाल्यावर ड्रिल मारलं की आजूबाजूची निघते आणि परत जुळत नाही. वळणावर खांब जवळ जवळ घे, सरळ भागात लांब. भोक पाडायच्या आधी तुझा २७ सेंटीमीटरचा डबा तिथून सरकव, बाहेरच्या लाइनला डब्याचं टोक कुठपर्यंत येतं ते पेन्सिलीने मार्क कर आणि त्याच्या पुढे निदान १ सेंटीमीटर सोडून भोक घे. खालून वायर आणि लाकडी ठोकळे कुठे आहेत ते बघून मगच ड्रिल चालव.